विधानसभेत घालायला प्रश्न लिहून द्यायचा आहे, कसा लिहावा?

डिचोलीकर

नमस्कार मंडळी. विषय थोडा कोरडा आहे, पण इथे सरकारी खात्यांत काम केलेली माणसं आहेत म्हणून विचारतो.

आमच्या गोव्यातल्या गावात ओहोळावर नवा साकव (छोटा पूल) झाला. चांगला रुंद, काँक्रीटचा, रेलिंगला रंगबिंग दिलेला. फक्त पलीकडच्या बाजूला रस्ता नाही. साकव संपतो तिथे हातभर उंचीची पायरी, आणि पुढे कोणाच्या तरी कुळागराचा (बागायतीचा) दगडी गडगा. पोरं उडी मारून जातात, म्हातारी माणसं अजून जुन्याच वाटेने वळसा घालतात. ग्रामसभेत विषय झाला, पंच म्हणाले काम आमचं नव्हे, खात्याचं. खात्यात गेलो तर म्हणाले जोडरस्ता आमच्या इस्टिमेटात नाही. (खात्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही.)

आता आमदारांच्या माणसाने निरोप दिलाय, "प्रश्न लिहून द्या, भाई एलएक्यू घालतील." (एलएक्यू म्हणजे आमदाराने विधानसभेत विचारायचा प्रश्न.) मी असा लिहिलाय :

"सदर साकवाचे काम निकृष्ट दर्जाचे असून त्यात मोठा भ्रष्टाचार झाला आहे, हे खरे आहे काय? असल्यास सरकार दोषींवर कोणती कारवाई करणार?"

बरा आहे का? अजून कडक करू?

---

खट्याळ

कडक कसला करतोस बाबा. ४० आमदारांच्या सभागृहात २०२२ च्या सप्टेंबरमध्ये काँग्रेसचे आठ जण सत्ताधारी भाजपमध्ये गेले आणि विरोधात उरले सात. तीन काँग्रेसचे, दोन आपचे, एक गोवा फॉरवर्डचा, एक आरजीचा (रिव्होल्युशनरी गोवन्स). त्यांनी विचारायचं आणि तेहतीस जणांनी ऐकायचं. तुमचे भाई कुठल्या बाजूचे?

---

डिचोलीकर

सत्ताधारी. म्हणून तर आश्चर्य वाटलं की स्वतःहून विचारतायत.

---

फाईलबाबा

डिचोलीकर, तुमचा प्रश्न जसाच्या तसा स्वीकारला जाणार नाही. गेलाच तर उत्तर मी आत्ताच टाईप करून देतो :

(अ) नाही.
(आ) प्रश्न उद्भवत नाही.

झालं. खात्याच्या कारकुनाला दोन मिनिटं लागतील. मी एका खात्याच्या हिशेब शाखेतून निवृत्त झालो. अशी उत्तरं तयार करण्यात उमेदीची वर्षं गेली, त्यामुळे छातीठोकपणे सांगतो : "हे खरे आहे काय" ने सुरू होणारा प्रश्न आला की शाखेत सगळे खुश असायचे. पहिल्या भागाला "नाही" म्हटलं की खालचे सगळे भाग आपोआप मरतात.

शिवाय नियमाप्रमाणे प्रश्नात आरोप, अनुमान, स्वतःचं मत चालत नाही. "निकृष्ट" हे मत, "भ्रष्टाचार" हा आरोप. विधिमंडळ सचिवालय ते शब्द कापेल, किंवा प्रश्नच परत पाठवेल.

खातं घाबरतं ते तारखेला आणि रकमेला. विशेषणाला नाही. असं लिहा :

"अमुक गावातील अमुक ओहोळावरील साकवासंबंधी माननीय मंत्री खालील माहिती देतील काय :
(अ) कामाला प्रशासकीय मान्यता व खर्चाची मंजुरी मिळाल्याची तारीख आणि रक्कम;
(आ) निविदा काढल्याची तारीख, आलेल्या निविदांचा तपशील, कंत्राटदाराचे नाव, कार्यादेशाची तारीख व कामाची मुदत;
(इ) निविदा काढली त्या तारखेला दोन्ही बाजूंच्या जोडरस्त्यांची जागा कोणाच्या मालकीची व कोणाच्या ताब्यात होती;
(ई) आजपर्यंत अदा केलेल्या प्रत्येक बिलाची तारीख व रक्कम;
(उ) मुदतवाढ दिली असल्यास प्रत्येक वेळचे कारण, मंजूर करणाऱ्या अधिकाऱ्याचा हुद्दा, आणि उशिराबद्दल दंड आकारला असल्यास त्याची रक्कम;
(ऊ) काम पूर्ण झाल्याचा दाखला दिला असल्यास त्याची तारीख व प्रत?"

यात "असल्यास" फक्त तीन ठिकाणी आहे, आणि तिथेही "नाही" हे उत्तर तुमच्या कामाचं आहे. बाकी कुठेही "नाही" म्हणून सुटता येत नाही.

---

पेडण्याची पोर

फाईलबाबा, (इ) भारी आहे. आमच्याकडे असंच, जागा कोमुनिदादची (गावच्या सामाईक मालकीची) निघाली आणि काम अर्धवट. पण (ऊ) कशाला? काम पूर्ण झालेलं दिसतंयच ना.

---

फाईलबाबा

(ऊ) तर सगळ्यात महत्त्वाचा.

काम पूर्ण झाल्याचा दाखला दिला की त्या दिवसापासून दोष-दायित्वाची मुदत चालू होते. ऑफिसात सगळे डीएलपी म्हणतात. त्या मुदतीत तडा गेला, स्लॅब गळला, कठडा सुटला तर कंत्राटदाराने स्वखर्चाने दुरुस्त करायचं. मुदत संपली की त्याची अनामत परत. आता तुमच्या साकवावरून एक स्कूटरसुद्धा गेलेली नाही. भार पडलाच नाही तर दोष दिसणार कधी? रस्ता होईल तोवर डीएलपी संपलेली, अनामत परत गेलेली, आणि मग पहिल्या पावसात काय व्हायचं ते होईल ते सरकारच्या खर्चाने.

म्हणून दाखल्याची तारीख कागदावर हवी. आणि शेवटचं मोठं बिल मार्चमधलं निघालं तर मला नवल वाटणार नाही. ३१ मार्चला खर्च न झालेला निधी परत जातो, त्यामुळे मार्चमध्ये कागदावर पुष्कळ कामं पूर्ण होतात. महालेखापरीक्षकांच्या अहवालांत या मार्चमधल्या घाईवर वर्षानुवर्षं ताशेरे येतात. आम्ही ते वाचायचो आणि पुढल्या मार्चला पुन्हा तेच करायचो.

---

प्रेसगॅलरी

फाईलबाबांना +१. तारांकित की अतारांकित हेही ठरवून सांगा. तारांकित म्हणजे मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतो, त्यावर पुरवणी प्रश्न विचारता येतात. अतारांकिताला फक्त लेखी उत्तर, पटलावर ठेवलं की संपलं.

लोकांना वाटतं तारांकितच बरा, टीव्हीवर दिसतो. पण प्रश्नोत्तराचा तास म्हणजे साडेअकरापासून एक तास. पहिल्याच प्रश्नावर खडाजंगी झाली तर अर्धा तास तिथेच जातो, आणि यादीत खाली असलेले प्रश्न पुकारलेही जात नाहीत. त्यांची लेखी उत्तरं मिळतात, पण पुरवणी विचारायची संधी गेली. तुमच्यासारख्या कागद मागणाऱ्या प्रश्नाला अतारांकित पुरेसा. कागद हातात आला की पुढल्या अधिवेशनात त्यातला एकच विसंगत आकडा धरून तारांकित घाला. जुने, मुरलेले आमदार असंच करतात.

बाकी अधिवेशनाच्या दिवसांत पेपरात पहिल्या पानावर जे आकडे दिसतात (रिक्त पदं, थकबाकी, खटले, बेपत्ता फायली) त्यातला मोठा भाग या अतारांकित उत्तरांच्या परिशिष्टांतून उचललेला असतो. भाषण कोणी केलं हे लोक विसरतात, परिशिष्ट राहतं.

---

खट्याळ

आणि भाषण लक्षात राहतं तेव्हा कसं राहतं तेही सांग. ताजमहाल!

---

प्रेसगॅलरी

हो, तो किस्सा या धाग्याला लागू आहे.

पणजीच्या कला अकादमीचं नूतनीकरण. वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांची वास्तू, मांडवीच्या काठावरची. काम सुमारे ४९ कोटींचं, आणि निविदा न काढता नामांकनाने एका कंपनीला दिलेलं. २०२२ च्या पावसाळी अधिवेशनात गोवा फॉरवर्डचे विजय सरदेसाई यांनी त्यावर घेरलं. तेव्हाचे कला-संस्कृती मंत्री गोविंद गावडे यांनी सभागृहात सांगितलं की शहाजहानने ताजमहालासाठी कोटेशनं मागवली नव्हती म्हणून तो सुंदर आहे. देशभर बातमी झाली, हसून झालं. वर्षभराने, जुलै २०२३ मध्ये, तिथल्या खुल्या रंगमंचावरचं छत पहाटे कोसळलं. कोणाला इजा झाली नाही हे नशीब.

आता याकडे फाईलबाबांच्या नजरेने बघा. काम करणारं खातं सार्वजनिक बांधकाम, वास्तू कला-संस्कृतीची. प्रश्न कोणाला टाकायचा? एकाला विचारलं तर तो सौंदर्यावर बोलतो, दुसऱ्याला विचारलं तर तो म्हणतो आम्ही फक्त काम करून देतो. "नामांकनाने काम देण्याचा निर्णय कोणत्या तारखेला, कोणाच्या टिपणावर, कोणत्या नियमाखाली झाला" एवढंच दोन्ही खात्यांना वेगवेगळं विचारायचं आणि दोन्ही उत्तरं शेजारी ठेवायची. ताजमहालावरचं उत्तर गाजलं, पण त्या उत्तराने एकही तारीख दिली नाही हे आम्हा पत्रकारांच्याही हेडलाईनींत हरवलं.

---

अंत्रुजकार

एक मूलभूत गणित कोणी मांडलं नाही. ९१ व्या घटनादुरुस्तीने मंत्रिमंडळाला १५ टक्क्यांची मर्यादा घातली, पण लहान राज्यांना किमान १२ ची सूट. म्हणजे आमच्याकडे ४० पैकी १२ मंत्री. त्यांनी प्रश्न विचारायचे नाहीत, उत्तरं द्यायची. एक सभापती. राहिले २७. त्या २७ मधले कितीतरी सत्ताधारी आमदार कुठल्या ना कुठल्या महामंडळाचे अध्यक्ष. स्वतःच्या महामंडळावर कोण प्रश्न घालतो? उत्तर प्रदेशात ४०३ आमदार आहेत, तिथे दोनचारशे माणसं तरी मागे बाकावर मोकळी असतात.

आणि खर्च आता खात्यांतून कमी, महामंडळं, सोसायट्या, स्मार्ट सिटीसारख्या कंपन्या यांच्यातून जास्त. गोवा राज्य साधनसुविधा विकास महामंडळ पूल बांधतं, एंटरटेनमेंट सोसायटी इफ्फी (चित्रपट महोत्सव) करते. डिचोलीकर, तुमचा साकव नक्की खात्याने बांधला की महामंडळाने? फलकावर काय लिहिलंय ते बघा आधी. चुकीच्या मंत्र्याला प्रश्न गेला की तो "या खात्याशी संबंधित नाही" म्हणून हस्तांतरित होतो आणि अधिवेशन संपतं.

---

डिचोलीकर

फलक बघून आलो. वर खात्याचं नाव, खाली "अंमलबजावणी" म्हणून दुसऱ्याच यंत्रणेचं. अंदाजित रक्कम लिहायची जागा आहे, तिथे रंग उडालाय. की उडवलाय, देव जाणे.

म्हणजे दोघांना विचारू? आणि एक शंका, माहिती अधिकाराने हेच मिळत नाही का? १० रुपयांत, ३० दिवसांत.

---

पेडण्याची पोर

मी माहिती अधिकारवाली, म्हणून सांगते : आधी अर्ज टाका, मग एलएक्यू. गोव्याने स्वतःचा माहितीचा कायदा १९९७ मध्ये केला होता, केंद्राच्या २००५ च्या कायद्याच्या आठ वर्षं आधी. त्यामुळे आमच्याकडे अर्ज टाकायची सवय जुनी आहे. आणि अर्ज चुकवायची सवयही तितकीच जुनी.

फरक असा, की मला चुकीची माहिती दिली तर मी पहिलं अपील, दुसरं अपील, आयोग करत बसणार. सभागृहाला चुकीची माहिती दिली तर तो हक्कभंगाचा विषय होऊ शकतो, आणि त्या उत्तराखाली मंत्र्याचं नाव असतं. म्हणून एकच माहिती दोन्ही वाटांनी मागायची. आकडे जुळले तर चांगलंच. नाही जुळले तर त्याहून चांगलं.

अवांतर : पूर्वी कायद्याच्या कलम ८(१)(ञ) खाली एक सुंदर ओळ होती. जी माहिती संसदेला किंवा विधिमंडळाला नाकारता येत नाही ती कुठल्याही माणसाला नाकारता येणार नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने ते कलमच बदललं आणि ती ओळ गेली. कंत्राटदाराचं नावसुद्धा "वैयक्तिक माहिती" म्हणून झाकायचा प्रयत्न होईल, बघा तुम्ही. तेव्हा आमदाराची वाट अजून जास्त लागणार.

---

फाईलबाबा

पोरीने बरोबर सांगितलं. आतली गोष्ट सांगतो. माहिती अधिकाराचा अर्ज शाखेत यायचा तेव्हा तो ट्रेमध्ये पडायचा. एलएक्यू आली की सुट्ट्या रद्द, शनिवार-रविवार ऑफिस उघडं. फाईल उपविभागातून विभागात, तिथून मुख्य अभियंत्याकडे, मग सचिव, मग मंत्री. सोबत एक वेगळं टिपण जायचं : "संभाव्य पुरवणी प्रश्न व उत्तरे". मंत्री सभागृहात सफाईने बोलताना दिसतो तो त्या टिपणाच्या जोरावर. आणि टिपणात नसलेलं काही विचारलं गेलं की अधिकाऱ्यांच्या गॅलरीतून चिठ्ठी जाते. कधीतरी थेट प्रक्षेपण नीट बघा, मंत्री पाण्याचा ग्लास उचलतो आणि बोलणं लांबवतो, तेव्हा चिठ्ठी वाटेत असते.

म्हणून आमदाराला पुरवणी प्रश्न आधीच लिहून द्या, आणि ते टिपणात सुचणार नाहीत असे द्या. "रस्ता कधी होणार" हे टिपणात असणारच, उत्तर "लवकरच". त्याऐवजी "साकवाचा पूर्णत्वाचा दाखला देणारा अभियंता पलीकडे कसा गेला?"

एक पथ्य पाळा. "गेल्या दहा वर्षांत तालुक्यातील सर्व साकवांची माहिती द्या" असं विचारू नका. उत्तर येतं "माहिती गोळा करण्यात येत आहे", आणि ती गोळा होतच राहते. किंवा ट्रकभर परिशिष्ट देतात आणि तुमचा साकव त्यात कुठे आहे ते तुम्हीच शोधा. एक काम, एक गाव, सहा कागद.

---

खट्याळ

एवढं सगळं करून उत्तर पुढे ढकललं तर? मंत्र्याने विनंती करायची, सभापतींनी मान्य करायची. अधिवेशन २०२५ च्या मार्चसारखं तीनच दिवसांचं असेल तर ढकललेलं सरळ पावसाळ्यात.

---

म्हादई

खट्याळ म्हणतात ते खरं आहे, आणि म्हणूनच पावसाळी अधिवेशनाकडे लक्ष ठेवावं. २०२५ मध्ये ते २१ जुलैपासून ८ ऑगस्टपर्यंत चाललं. खरी खर्चावरची चर्चा तिथे होते. मार्चमध्ये अर्थसंकल्प मांडतात (२०२५-२६ चा २८ हजार कोटींच्या वरचा होता), काही महिन्यांपुरतं लेखानुदान (तात्पुरती खर्चमंजुरी) घेतात, आणि खातेनिहाय खर्चाच्या मागण्या पावसाळ्यात मंजूर होतात.

मागण्यांवर विरोधक कपात सूचना देतात. धोरणालाच विरोध असेल तर मागणी एक रुपयावर आणा, एखादी ठरावीक तक्रार मांडायची असेल तर शंभर रुपये कापा, असा संसदीय प्रघात. त्या मंजूर होत नाहीत. झाल्या तर सरकारच गडगडेल. पण कपात सूचना दिली की त्या मागणीवर बोलायचा हक्क मिळतो, आणि प्रश्नोत्तराच्या तासापेक्षा ऐसपैस वेळ मिळतो. तुमचे आमदार कपात सूचना देणार नाहीत, सत्ताधारी आहेत. पण मागण्यांवरच्या चर्चेत ते उठून बोलू शकतात, आणि गंमत म्हणजे सत्ताधारी आमदाराने स्वतःच्या मतदारसंघातलं अपुरं काम काढलं की मंत्री जास्त मऊ होतो. विरोधकाला तो ताजमहाल सांगतो, आपल्या माणसाला तारीख देतो.

भांडवली खर्चात बघायचं असेल तर रस्ते-पूल ५०५४ या लेखाशीर्षाखाली (अर्थसंकल्पातल्या खर्चाच्या क्रमांकाखाली) असतात, देखभाल ३०५४ खाली. कधीकधी पूर्ण न झालेल्या कामाची दुरुस्ती ३०५४ मधून चालू झालेली सापडते. आमच्याकडे सापडली होती.

---

डिचोलीकर

३०५४ ची नोंद करून ठेवली. समजा मंत्र्याने सभागृहात सांगितलं की सहा महिन्यांत रस्ता करून देतो, आणि नाही केला. मग?

---

फाईलबाबा

मग आश्वासन समिती. मंत्र्याने सभागृहात "करू", "तपासू", "चौकशी करू" म्हटलं की कामकाजातून ते वाक्य वेचून आश्वासन म्हणून नोंदवतात आणि खात्याकडे पूर्ततेचा अहवाल मागतात. आमच्या शाखेत तिची वेगळी नोंदवही होती. म्हणून मुरलेला मंत्री "करू" म्हणतच नाही, "सकारात्मक विचार करू" म्हणतो. आमदाराला सांगा, "सकारात्मक" शब्द आला की लगेच उठून विचारा, तारीख सांगा.

पैशाचं प्रकरण असेल तर लोकलेखा समिती. ती महालेखापरीक्षकांच्या अहवालावर काम करते, सचिवाला समोर बसवून विचारते. तिथे मंत्री येत नाही, टाळ्या नाहीत, कॅमेरा नाही. अधिकाऱ्याला खरा घाम तिथेच फुटतो.

---

खट्याळ

लोकलेखा समितीचं नाव काढलंत म्हणून. मनोहर पर्रीकर विरोधी पक्षनेते आणि समितीचे अध्यक्ष असताना २०११ मध्ये बेकायदा खाणींवर अहवाल तयार झाला. त्यावरून समितीत सत्ताधारी आणि विरोधक असे सरळ दोन तुकडे पडले. पुढल्या वर्षी सत्तापालट झाला, न्यायमूर्ती शहा आयोगाचा अहवाल सप्टेंबर २०१२ मध्ये संसदेत आला आणि त्याच पर्रीकरांच्या सरकारने खाणी थांबवल्या. समितीने लिहिलेलं बाहेरून शिक्का बसल्याशिवाय कोणी ऐकत नाही, असा माझा निष्कर्ष.

---

प्रेसगॅलरी

निष्कर्ष अर्धाच पटतो. अहवाल तयार झाला म्हणून तर विषय पेटता राहिला. त्यातले मुद्दे आम्ही महिनोन्‌महिने छापत होतो. समितीचा अध्यक्ष विरोधी पक्षाचा असावा हा संकेत आहे, आणि तो पाळला जातो तेवढ्यासाठीच ती समिती जिवंत आहे. फक्त सात जणांतून किती समित्यांना माणसं पुरवणार?

---

डिचोलीकर

मंडळी, प्रश्न फाईलबाबांच्या मसुद्याप्रमाणे लिहून दिला. अंत्रुजकारांच्या सल्ल्याने दोन्ही मंत्र्यांना वेगवेगळा. माहिती अधिकाराचे अर्जही टाकले. आमदारांचा माणूस (इ) वाचून जरा थबकला, म्हणाला, "हें कित्याक? जाग्याचें मागीर पळोवया." (हे कशाला? जागेचं नंतर बघू.) मी म्हटलं, (इ) तसाच राहू दे.

---

फाईलबाबा

(इ) गाळला तर सांगा. तो गाळायला कोणी सांगितलं यावरून जागा कोणाची ते कळेल. आणि प्रश्न सचिवालयात दाखल झाल्याची पोच मागून घ्या, "भाईंनी घातलाय" यावर जाऊ नका.

---

प्रेसगॅलरी

उत्तर आलं की पहिलं पान सोडा, परिशिष्ट उघडा. "भौतिक प्रगती १०० टक्के" असं लिहिलेलं सापडलं तर त्या पायरीचा फोटो मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. फोटोत मोजपट्टी दिसू दे.